नाकारल्याचा कागद

खोकं चौथ्यांदा काउंटरवर आलं, तेव्हा देवमन तायडेनं ते उघडायला पेचकस घेतला नाही. नुसताच बघत राहिला. पुढे पुंजाजी उभा होता. बाळापूरच्या मोटारीतून उतरून, मांडीवर सांभाळून आणलेलं ते खोकं घेऊन, पहिल्या दिवशी उभा होता तसाच.

अकोला स्टेशनच्या पार्सल ऑफिसात देवमनला तीन वर्षं झाली होती. पेटणाऱ्या मालाचे नियम त्याला पाठ होते. ते मोडले तर काय होतं हेही त्याला ठाऊक होतं. डब्यात माल असतो, पुढच्या डब्यात माणसं. शिवाय दुसरी एक गोष्ट होती. पुंजाजी त्याच्याच समाजाचा. एक खोकं ढिलं सोडलं असतं, तर शेजारच्या टेबलावरचे वामनराव वर्षभर तेच बोलले असते.

म्हणून त्यानं म्हाताऱ्याला तीनदा परत पाठवलं होतं.

खोक्यात दोन बाटल्या होत्या आणि बाटल्यांत विहिरीतला वायू. पुंजाजीच्या वस्तीनं दोन वर्षांपूर्वी धर्म बदलला आणि स्वतःची विहीर खणायला घेतली. पाणी लागायच्या बेताला पुंजाजीचा मोतीराम कंदील घेऊन खाली उतरला. भडका झाला. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला. गाव म्हणालं, मरीआईचा दगड नदीत टाकला, त्याचं हे फळ. खोदणाऱ्यांच्या मुकादमानं दोर गुंडाळले. वस्तीतलेच काही जण विहीर बुजवा म्हणू लागले. शाळेतल्या मास्तरांनी मात्र सांगितलं, हा वायू आहे, नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवा. तेव्हा पुंजाजी भर दुपारी, दिव्याशिवाय, त्याच विहिरीत उतरला आणि तळाशी झिरपलेल्या थोड्या पाण्यातले बुडबुडे उलट्या बाटल्यांत धरून आला.

पहिल्या खेपेला बाटल्या कापसात गुंडाळलेल्या होत्या. घरात मऊ म्हणून तेवढंच होतं. देवमननं कपाळाला हात लावला होता. पेटणाऱ्या वायूभोवती कापूस! राख भरून आणा, म्हणाला. दुसऱ्या खेपेला राख होती, पण बुचांवर लाख नव्हती. तिसऱ्या खेपेला लाख होती, पण झाकण स्क्रूऐवजी खिळ्यांनी ठोकलेलं होतं आणि धोक्याची लाल चिठ्ठी नव्हती.

देवमनची एक सवय होती. परत केलेल्या प्रत्येक मालाचं कारण तो लिहून द्यायचा. वर पाठवणाऱ्याचं नाव, खाली सही आणि शिक्का. पुंजाजीनं एकदाही हुज्जत घातली नाही. तो फक्त कागद मागायचा आणि दोनदा वाचून घ्यायचा. “आतील वायू पेट घेणारा असून बांधणी असुरक्षित आहे. रेल्वे हा माल गाडीत घेऊ शकत नाही.” काय दुरुस्त करायचं ते ध्यानात राहावं म्हणून वाचून घेत असेल, असं देवमनला वाटायचं.

आज खोक्याला स्क्रू होते. दोन्ही बाजूंना लाल चिठ्ठ्या होत्या. पाठवणाऱ्याचं नाव तेवढं बदललं होतं: सुंदराबाई पुंजाजी.

“घ्या तायडे आता,” वामनराव मान वर न करता म्हणाले. “किती फिरवता म्हाताऱ्याले? गाडीची चाकं झिजली नसतील तेवढ्या त्याच्या वहाणा झिजल्या.”

देवमनला दमल्यासारखं झालं होतं. उन्हानं नव्हे. नियम बरोबर होता, तीनही वेळा बरोबर होता, आणि तरी हा माणूस समोर उभा राहिला की त्याला नजर वर करवत नसे. न उघडताच पास करायचं त्यानं ठरवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यानं पावतीपुस्तक ओढलं.

“पावती नोका फाडू, साहेब,” पुंजाजी म्हणाला. “नाई म्हून लिवून द्या.”

देवमनला वाटलं, उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग पुंजाजीनं सावकाश सांगितलं. पहिला कागद मुकादमानं वाचून घेतला आणि ठेवूनच घेतला. आता तो कागद फेट्यात खोचून मुकादम खाली उतरतो, आधी कोंबडी सोडून बघतो, दिवा नेत नाही. दुसरा चावडीत वाचला, तो पाटलांच्या दप्तरात गेला. तिसरा वस्तीनं चौकटीत घालून टांगला. परवा विहिरीला पाणी लागलं.

“मंग हे खोकं कायले आणलं?” देवमननं विचारलं.

“मोत्याची माय राह्यली, साहेब. तो दगड तिनंच नदीत टाकला होता. म्हन्ते, पोरगं म्याच मारलं. बाकीचे कागद लोकायचे हायेत म्हन्ते. माह्या नावाचा आन.”

देवमननं पावतीपुस्तकावर बोट ठेवलं. मग म्हणाला, “पावतीवरही वायू लिहिलेलं असते, बाबाजी. तिच्याच नावानं देतो. माल नागपूरले जाईल.”

“पावतीत सरकार घेते, असं राह्यते. तिले, सरकार बी याले भेते, असा कागद पायजे.”

वामनरावांची लेखणी थांबली होती. देवमननं खोक्याकडे पाहिलं. चिठ्ठ्या, स्क्रू, सगळं नियमाप्रमाणे. नाही म्हणायला जागा नव्हती. आजवर त्यानं एकही खोटं कारण लिहिलं नव्हतं. त्यानं कोरा कागद पुढे घेतला, टाक बुडवला आणि हात तसाच धरून बसला.

पुंजाजीनं खोकं त्याच्याकडे सरकवलं.

“उघडून पाहा, साहेब. एका बुचावरची लाख म्या घरूनच काढून आणली. तुमाले खोटं लिवा लागू नये.”