राजाची कोळंबी

फ्रीजरचं झाकण खांद्याने तोलून धरत चिरंजीवांनी कोळंबीचं आणखी एक पाकीट उपसलं आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा कपाळावर सरकवला. घटकांच्या यादीत मीठ निघालं. त्यांनी तोंड वाकडं करून ते परत आत टाकलं. दुकानदाराने त्यांच्या घरी विष धाडायचा घाट घातला असावा, असा आव होता.

तिकडे काउंटरच्या रांगेत त्यांचे वडील उभे होते. तुम्ही तेवढा नंबर धरा, असं आबांना सांगून चिरंजीव आत गेले होते. नंबर आला की आबा मागच्याला पुढे सोडत होते. दोघे डॉक्टरांकडून परस्पर इकडे आले होते. आबांचे पाय इतके सुजले होते की सँडलचे पट्टे लागत नव्हते, ते तसेच लोंबत होते. किडन्यांवर ताण येतोय, मीठ पूर्ण बंदच ठेवा, असं डॉक्टर आजही स्पष्ट म्हणाले होते. चिरंजीव तेव्हा शेजारच्याच खुर्चीत होते. पण मान मोबाइलमध्ये, कारण घरी राजा सकाळपासून नीट खात नव्हता.

राजा म्हणजे मासा. बैठकीच्या खोलीतली अख्खी भिंत त्याच्या टाकीने अडवलेली. चांगला वीतभर लांब, आणि तोंड कायम असं की घरातल्या कुणाचंच काम त्याला पसंत नाही. घरात असं तोंड आणखी एकाचं होतं, म्हणून दोघांचं जमत असावं.

माल लावणारा माणूस जवळून जात होता, त्याला चिरंजीवांनी धरलं. मग त्या बापड्याला सगळं ऐकावं लागलं. उकडलेली कोळंबी नको, तिच्यात सत्त्व उरत नाही. मसाला लावलेलीला तर लांबूनच नमस्कार. तेलकट मासा दिला की टाकीचं पाणी खराब होतं. आणि ही जी टपोरी दिसते ना, ती टिकावी म्हणून रसायनात बुडवलेली असते, असली तर घरातच आणायची नाही.

"साहेब, माणसंच खातात ही," तो म्हणाला. "आम्हीसुद्धा घरी नेतो."

"म्हणूनच तर," चिरंजीव म्हणाले.

शेवटी तळातून एक पाकीट निघालं. कच्ची, सालासकट, आणि घटकांच्या जागी एकच शब्द: कोळंबी. चिरंजीव हसले. असं हसू त्यांच्या घरच्यांनी पाहिलं असतं तर कुणीतरी लांबचा पाहुणा आला असावा, असं वाटून मागे वळून बघितलं असतं. तारीख बघितली, पाकीट कुठे फाटलंय का तपासलं, मधे एकदा वितळून पुन्हा गोठलंय का म्हणून कानाशी धरून हलवूनही पाहिलं. चीड येते ती याचीच. माणूस निष्काळजी नव्हता. काळजी कशी घ्यायची असते ते त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

चिरंजीव काउंटरशी आल्यावर आबांनी हळूच विचारलं, यातली थोडी आज माझ्यासाठी उकडता येईल का. पंधरवडाभर नुसतं अळणी गिळून तोंडाची चव गेली होती.

"ते त्याचं आहे, आबा," चिरंजीव म्हणाले. पण बापाला अगदीच कोरडं कसं ठेवायचं? बाजूला मुदत संपत आलेल्या मालाचा ट्रे होता. त्यातून त्यांनी खारवलेल्या माशाचं एक पाकीट उचललं, मागची अक्षरं न वाचता. हे तुम्हाला, चव येईल तोंडाला, असं म्हणून ते आबांच्या हातात दिलं.

"मीठ बंद केलंय ना रे डॉक्टरांनी."

"डॉक्टर सांगतातच. एवढ्याने काही होत नाही."

काउंटरवरच्या बाईंचं लक्ष आबांच्या पायांकडे गेलं. त्यांनी आपलं स्टूल बाहेर सरकवलं. चिरंजीवांनी थँक्यू म्हणून त्यावर माल गार ठेवायची आपली पिशवी ठेवली आणि कोळंबी कागदात नीट गुंडाळायला घेतली. आबा काउंटरच्या कडेला हात टेकून उभे राहिले.

"मग राजाला का नाही देत यातलं?" आबांनी हातातलं पाकीट दाखवून विचारलं.

चिरंजीवांचा चेहरा खुलला. राजाबद्दल घरात सहसा कुणी विचारत नसे. "अहो आबा, खारट आहे ते. किडन्यांवर ताण येतो त्याच्या. अंग सुजतं. आणि बिचाऱ्याला बोलून दाखवता येतं का? मुका जीव तो. आपणच डोळ्यांत तेल घालून बघायला लागतं."

बाईंचा हात बटणांवर थांबला. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि एकदा आबांकडे.

"मी तर बोललो," आबा म्हणाले. "आत्ताच बोललो."

"काय?" चिरंजीव पिशवीची चेन ओढत होते. ती मधेच अडकली होती.

बाईंनी खारवलेल्या माशाचं पाकीट वेगळ्या पिशवीत घातलं आणि ते कुणाकडे द्यावं ते न कळून तशाच थांबल्या. आबांनीच हात पुढे केला.

चिरंजीव गार पिशवी छातीशी धरून दारापर्यंत पोचलेही होते. तिथून त्यांनी मागे वळून पाहिलं. आबा सँडलचे पट्टे फरफटत येत होते.

"आबा, जरा पाय उचला हो," ते म्हणाले. "कोळंबीला पाणी सुटायला लागलं."