जड फाइल

“माझ्या फोटोची रॉ फाइलच काढ गं. दिसायला मळकट, वजनाला जड, पण अंधारातलंही सांभाळून ठेवते. आणि छापून आधी ह्यांच्या हातात दे,” सासूबाईंनी बजावलं होतं. स्टुडिओत लोकांचे फोटो काढण्यात जन्म घालवलेल्या बाईंनी स्वतःचा एकदाच काढू दिला, तोही खिडकीकडे पाठ करून. सुनेने “हो” म्हणत मोबाइलवर टिपला. आता त्या नव्हत्या. नवऱ्याने तेव्हाच काढलेल्या साध्या, हलक्या जेपेग फाइलमध्ये आईचा चेहरा काळाठिक्कर होता. उजळला, तर नुसते डाग. सासरे पुटपुटले, “हिचा चेहरा दिसेल असा एकही नाही रे?” सुनेने ती जड फाइल उघडली, सावल्या हलकेच उजळल्या. काळोखातून आधी चष्मा आला, मग मिश्कील हसू. “जातानाही शिकवणी घेतली की आईने!” नवरा डोळे पुसत म्हणाला. सुनेने देवाला हात जोडले आणि फोटो छापायला हळूच स्टुडिओच्या किल्ल्या उचलल्या.