घाई कुणाला?

सोमतोची मुलाखत आमच्या ह्यूस्टनच्या स्वयंपाकघरात, कॉम्प्युटरवर चालली होती. शाळा संपली की सरळ डॉक्टर होईपर्यंत आठ वर्षांची एकच जागा, मध्ये पुन्हा अर्जबिर्ज नाहीत. माझ्या नातीला ती हवीच होती. मला ताकीद होती, "आजी, तू ओग्बोनोचं कालवण ढवळ. तोंड उघडायचं नाही."

पडद्यावरच्या तिघांपैकी वयस्कर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सतराव्या वर्षीच डॉक्टरकी पक्की करायची एवढी घाई कशाला?"

महिनाभर घोकलेलं उत्तर पोरीच्या तोंडून फुटेना. मला राहवलं नाही. पळी घेऊनच मी पुढे झाले.

"घाई तिला नाही, मला आहे! एकोणऐंशीची झाले मी. रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या तीन डॉक्टरांना वाटेला लावलंय. घरची डॉक्टर सांगेल, तेव्हाच गोळी घेणार!"

सोमतोनं कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "काय गं, आठ वर्षं थांबेल का ही तुझी पेशंट?"

सोमतोनं माझ्याकडे पाहिलं.

"आजपासून गोळी घेतली तर थांबेल. आजी, डबी तांदळाच्या पिंपामागे लपवलीयस. आण."

मला 'आण' म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मी आणली. तिघांच्या देखत गोळी गिळली.

निवड झाल्याचं त्यांनी मार्चमध्ये कळवलं. मला ते गोळीवर पाणी पितानाच कळलं होतं.