बत्तीस नंबरची नळी

बत्तीस नंबरच्या नळीवरचं लेबल किंचित तिरपं लागलं होतं. नळी तिच्या नवऱ्याची होती, आणि तो घरांचे नकाशे काढायचा. त्याच्या हातून साधी रेघ कधी तिरपी जात नसे.

तिने नोंद पुन्हा तपासली. दर सहा महिन्यांनी ती स्वतःचा आणि नवऱ्याचा नमुना प्रयोगशाळेत आणायची, बाकीच्या जोडप्यांशी ताडून पाहायला. एका घरात राहणाऱ्यांच्या आतड्यांतले जंतू हळूहळू सारखे होत जातात, यावरच तिचं संशोधन उभं होतं. त्या दोघांचे बारा वर्षं जुळत आले होते. या वेळी नाही. नवऱ्याचा नमुना एकोणीस नंबरशी जुळत होता.

"मशीन चुकलं असेल का?"

"तिसऱ्यांदा चालवलंय, मॅडम," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "बत्तीस आणि एकोणीस एका ताटात जेवतात, लिहून देते. नवराबायकोच असणार."

बत्तीस नंबर कोणाचा, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

नावांची यादी उघडायचा तिला अधिकार होता. तिने उघडली. एकोणीस म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसातली सहकारी. प्रयोगासाठी तिला त्यानेच पाठवलं होतं. ती एकटीच आली होती. तिचा नवरा लाजला म्हणे.

अकराला तिला संशोधन पद्धतीचा तास घ्यायचा होता. एखादा समज मनात पक्का बसला की माणूस फक्त त्याचेच पुरावे गोळा करत जातो, असं ती सांगत होती.

"आमच्या आजीसारखं," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. "दूध सांडलं की मांजरच, नाहीतर मी."

वर्ग हसला. तीही हसली आणि फळ्याकडे वळली. दर मंगळवारी उशीर. "बाहेर खाऊन आलोय." अंगाला बसणारे नवे शर्ट. घोरण्याचं निमित्त करून वेगळ्या खोलीत झोपणं. खडू हातात तसाच राहिला.

वेगळं राहू या, एवढंच म्हणायचं होतं. तीन आठवडे रोज जेवायला बसलं की शब्द ओठांवर यायचे, आणि ती मीठ कमी आहे का, असं विचारायची.

पुढच्या मंगळवारी नवरा साडेसातला आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"मला वाढू नकोस. भूक नाहीये."

"कशी असेल? तिकडे पोटभर होत असेल."

"तिकडे म्हणजे?"

"लपाछपी पुरे. तुझ्या पोटात काय आहे, ते तुझ्याआधी मला कळतं."

तो थकल्यासारखा हसला. "तीच तर धास्ती होती."

तिने दोन कागद त्याच्यासमोर ठेवले. "हा तुझा, हा तिचा. एका घरात राहिल्याशिवाय इतकं साम्य येत नाही."

त्याने दोन्ही कागद नकाशा पाहावा तसे नीट पाहिले.

"बरोबर आहे तुझं. नऊ वर्षं एका घरात राहतात ती दोघं."

"कोण दोघं?"

"ती आणि तिचा नवरा. नमुना त्याचा आहे. हातापाया पडून मागितला मी. तुझ्या प्रयोगाला लाजला, पण माझ्यासाठी तयार झाला."

"तुझा द्यायला काय झालं होतं?"

"माझ्या आत आता ओळखीचं काही उरलंय कुठे? त्या औषधांनी सगळं धुऊन नेलं. तू एका नजरेत ओळखलं असतंस."

"कसली औषधं?"

"दर मंगळवारी सलाइनमधून देतात. सहा महिने झाले. गाठ वाढायची ती वाढतेच आहे." त्याने दोन्ही कागद एकावर एक ठेवून तिच्याकडे सरकवले. "कधीपासून मनात होतं, जमत नव्हतं. आज डॉक्टरांना सांगून आलो. यापुढे उपचार घ्यायचे नाहीत, असं ठरवलंय मी."