कमी केलेलं नाव

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी रेशनकार्ड उलटसुलट करून पाहिलं. "अण्णा, यात मुलीचं नाव कुठाय?"

"लग्न झाल्यावर कमी केलं," भूपालअण्णा म्हणाले. राजमतीचं नाव त्यांनीच कमी करून घेतलं होतं, अंगाची हळद उतरायच्या आत, तहसीलला चार खेटे घालून. दाखला जावयाच्या हाती देताना म्हणाले होते, "आता ती तुमची."

"मग सासरच्या कार्डावर असेल."

"सासर कर्नाटकात. मूल झालं की दोघांची नावं एकदमच चढवू म्हणाले."

"तिकडची योजना इथं चालत नाही, आणि इथल्या यादीत ती नाही." बाईंनी आवाज उतरवला. "हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सरकारी योजनेतूनच फुकट होतं, अण्णा. नाव चढवून आणा."

अण्णा तसेच तहसीलला गेले. तिथे साहेब म्हणाले, "लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरी चढत नाही."

त्यानंतर अकराव्या दिवशी अण्णा पुन्हा त्याच खिडकीशी उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे न बघता दुसराच फॉर्म पुढे ओढला. "पत्ता कुठला लिहू? माहेरचा की सासरचा?"

"कुठला चालतो?" अण्णांनी दबकत विचारलं.

"मृत्यूच्या दाखल्याला कुठलाही चालतो."