पंच्याखालचा आकडा

"आकडा तोंडानं बोलायचा न्हाय," असं म्हणून तात्याबाने खांद्यावरचा पंचा काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर अंथरला.

डॉक्टर धम्मप्रिया बघतच राहिल्या. सोलापूरच्या त्या दवाखान्यात त्यांनी रडणारे पेशंट पाहिले होते, भांडणारेही पाहिले होते. टेबलावर पंचा टाकणारा हा पहिलाच.

तात्याबा मंगळवेढ्याचा, बैलबाजारातला हेडी, म्हणजे दलाल. तिथला सौदा कपड्याखाली होतो. एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची, जितकी बोटं तितका भाव, आणि शेजारी उभ्या असलेल्याला काही म्हणता काही कळत नाही. आज शेजारी त्याची बायको चिमाबाई बसली होती. नवऱ्याच्या घशात गाठ निघाल्यापासून ती धड जेवली नव्हती. वाईट आकडा तिच्या कानावर पडू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"माज्यासारखे धा जण आले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तर पाच वर्सांनी त्यातलं किती हिंडतं-फिरतं असत्यात? तेवढी बोटं दाबा. पाच म्हंजी पुरा पंजा. म्होरची परत पयल्यापास्नं."

डॉक्टरांनी हसू दाबलं. "आधी रिपोर्ट तर ऐका, काका. गाठीच्या तुकड्यात पी-सोळा नावाचं एक प्रथिन भरपूर सापडलंय. ते असलं की घशातली अशी गाठ किरणांपुढे लवकर नमते. शिवाय तुम्ही तंबाखूला कधी शिवला नाहीत."

"मालाचं गुण समदेच सांगत्यात, बाई. बोटं दाबा."

डॉक्टरांनी पंच्याखाली हात घातला. मनाशी तात्याबाने दोन धरले होते. फार तर तीन.

आधी पुरा पंजा दाबला गेला. मग अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, आणि मधलं.

त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पण उभा जन्म बाजारात गेलेला माणूस. जित्याची खोड!

"नऊ करा की, बाई!" तो बोलून गेला.

"सात आठवडे किरणं आहेत. एक दिवस चुकवू नका, मग बघू," डॉक्टर आता मोकळेपणी हसत होत्या.

"म्हंजी आठ निघालं व्हय?" चिमाबाईने विचारलं.

तात्याबाने जीभ चावली. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून कधी सौदा फुटला नव्हता.

"तुला गं कुणी सांगितलं?"

"आठ हातात पडल्याबिगर नऊ कोण मागतंय? हेड्याची बायकू हाय मी." तिने पदराने तोंड पुसलं. "मघाच सांगायचं की वो. लई भूक लागलीया मला."

डॉक्टर पुढची तारीख लिहायला वळल्या. तात्याबा पंचा उचलायला गेला, तर चिमाबाईने तो तसाच दाबून धरला आणि स्वतःचा हात खाली घातला. चाचपत चाचपत तिने त्याची करंगळी आणि करंगळीशेजारचं बोट शोधून काढलं. ती दोन्ही बोटं तिने घट्ट मुठीत धरली.

"ही दोन ऱ्हायली की," ती म्हणाली. "ही माज्याकडं."