टीव्हीचं कव्हर

“लहानातला एचडी टीव्ही दाखवा. धाकटीच्या खुराड्यात मोठा मावतोय कुठं!” आक्का दुकानात ठसक्यात म्हणाल्या. स्वतःच्या घरी भिंतभर टीव्ही होता, पण बहिणीच्या वास्तुशांतीला आहेर करताना त्यांचा हात आखडला.

आक्का टीव्ही देणार म्हणून धाकटीच्या नव्या घरात समोरची अख्खी भिंत मोकळी ठेवलेली होती. तिनं टीव्हीला हळदकुंकू वाहिलं आणि स्वतः भरतकाम केलेलं कव्हर कौतुकानं चढवलं. बापाचा सदरा पोराला घालावा तसं ते लोंबलं.

“अगं, केवढं शिवलंस हे?” आक्का बोलून गेल्या.

“तुझ्या टीव्हीचं माप घेतलं होतं...” पाहुण्यांच्या माना वळलेल्या पाहून धाकटी पटकन हसली. “कापड कोरं आहे, आक्का. धुतलं की आटेल.”

बोलण्यात अख्ख्या गावाला पुरून उरणाऱ्या आक्का खालमानेनं कव्हरची टोकं आत खोचत राहिल्या.